ऑफिसला जायचं कसं? कार, बस-मेट्रो की सायकल?

मोडका कंपास

मंडळी, आमचं ऑफिस गेल्या महिन्यात हललं. आधी घरापासून चालत बारा मिनिटं होतं त्यामुळे जायचं कसं हा प्रश्न इतक्या वर्षांत कधी पडलाच नाही, आणि ते केवढं सुख होतं हे आत्ता कळतंय. आता साडेनऊ किलोमीटर झालंय. तीन पर्याय आहेत. मी दोन आठवडे तिन्ही करून बघितले आणि वहीत वेळा लिहिल्या, घराच्या दारापासून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत, म्हणजे पार्किंग शोधणं, जिने, लिफ्टची रांग सगळं धरून.

कार: चांगल्या दिवशी 29 मिनिटं, वाईट दिवशी 71.
बस आणि मग मेट्रो: 52 ते 63.
सायकल: दोनच दिवस केली, 41 आणि 43. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना उजवा गुडघा बोलायला लागला.

सरासरी काढली तर कार 40 वर येते, म्हणजे सायकलच्याही पुढे. मग उशीर झाला म्हणून मान खाली घालून शिरायची वेळ फक्त कारच्याच दिवशी का येते? बायको म्हणते एकदाचं काय ते ठरव आणि वही बंद कर. तुम्ही कसे जाता आणि ते कसं ठरवलंत?

भुंगा

वहीत वेळा लिहिणारा नवरा! वहिनींना साष्टांग.

स्टेपनी

कंपासराव, उत्तर तुमच्याच वहीत आहे, फक्त चुकीचा आकडा बघताय. सरासरी विसरा. साडेनऊला पोचायचंच आहे असं धरा. कारने जायचं तर 71 मिनिटं हातात ठेवून निघावं लागणार, म्हणजे 8.19 ला. बस-मेट्रोने 8.27. सायकलने 8.47. आता सांगा कोण जिंकलं? कार रोज वेळ खात नाही हो, पण कुठल्या दिवशी खाणार ते सांगत नाही, म्हणून रोजच लवकर निघा नाहीतर आठवड्यातून एकदा मान खाली घाला.

सायकलचा वेळ स्थिर का, तर ती रांगेत उभी राहत नाही. तुमच्या 41 मिनिटांतली बरीचशी तुमच्या पायांवर अवलंबून आहेत आणि पाय रोज साधारण तेवढेच चालतात.

मोडका कंपास

अरे बापरे. 8.47 म्हणजे मुलगी शाळेत गेल्यावर आरामात निघता येईल. हे डोक्यातच आलं नव्हतं.

हँडलवाला

गुडघ्याचं आधी सांगतो. दहातल्या आठ जणांची सीट खाली असते कारण पाय जमिनीला टेकले की बरं वाटतं. तसं करू नका. सीटवर बसा, भिंतीला हात धरा, पॅडल एकदम खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तेवढाच पाहिजे. गुडघा पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट वर घ्या. आणि गियर हलका ठेवा. जड गियर दाबत बसलं की आपण फार ताकदवान आहोत असं वाटतं, बिल गुडघा भरतो.

दुसरं म्हणजे पाठीवरची बॅग. ती कॅरियरला लावा. अर्धा घाम त्या बॅगेचा असतो.

तिसरं, हळू जा! सपाट रस्त्यावर वेग वाढवला की ताकद त्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी पट लागते, कारण हवा आडवी येते. ताशी 15 ने जाणारा माणूस ऑफिसात माणसासारखा पोचतो, 25 ने जाणारा आंघोळीची जागा शोधतो. आणि साडेनऊ किलोमीटरवर त्यात फरक पडतो पंधरा मिनिटांचा, ती पंधरा मिनिटं तो घाम पुसण्यातच घालवतो.

खडूस काकू

आले का सायकलवाले. आता दोन प्रतिसादांत पृथ्वी वाचवायला सुरुवात होईल.

मी बावीस वर्षं कार चालवतेय. सकाळी आईला फिजिओथेरपीला सोडते, तिथून ऑफिस, येताना तिला घेते, मधे औषधं. तिला बसची पायरी चढता येत नाही. ती पायरी गुडघ्याएवढी उंच का असते हे मला कुणी तरी सांगावं. मेट्रोला लिफ्ट आहे, पण स्टेशनपासून पुढचं कोण करणार? तेव्हा "कार ही चैन आहे" वगैरे मला ऐकवू नका. एकटं, धडधाकट आणि एकाच ठिकाणी जाऊन परत येणाऱ्या माणसाने आपला हिशोब सगळ्यांना लावू नये.

हँडलवाला

काकू, मी पृथ्वीचं नावही काढलं नाही अजून, गुडघ्यावरच होतो.

खडूस काकू

म्हणून तर आधीच सांगून ठेवलं.

सातवी खिडकी

मी बस-मेट्रोवाली. तुमचा हिशोब बरोबर आहे स्टेपनी पण एक राहिलं. कारमधली 40 मिनिटं जातात ती जातातच. माझी 55 जातात, पण त्यातली मेट्रोतली 25 माझी असतात. गेल्या वर्षभरात मी एवढं वाचलंय जेवढं कॉलेज सुटल्यापासून वाचलं नव्हतं. कधी नुसती डोळे मिटून बसते. एकदा शेजारच्या बाईंच्या खांद्यावर डोकं टाकून चक्क घोरले, त्यांनी उठवलं नाही, उतरताना फक्त म्हणाल्या "अगं माझं स्टेशन आलं, आता भिंतीला टेक." तोवर माझं स्टेशन जाऊन तीन झाली होती.

भुंगा

म्हणजे वेळ 52 ते 63, अधिक तीन स्टेशनं.

निवांत

मला उलटं वाटतं. कार म्हणजे दिवसभरातला एकमेव अर्धा तास जेव्हा मला कुणी हाक मारत नाही. घरात मुलं, ऑफिसात साहेब. सिग्नलला उभा असतो तेव्हा मी खरं तर सुटीवर असतो. ट्रॅफिक कमी झालं तर माझी सुटी कमी होईल.

स्टेपनी

निवांत, तुमच्या सुटीत माझी बस मागे उभी असते हो.

विनोद सोडा, पण हे बघा. एका लेनमधून गाड्या दोन-दोन सेकंदांच्या अंतराने गेल्या तर तासाला 1800 जातात. बहुतेकींत एकच माणूस, म्हणजे दोन हजारांच्या आसपास माणसं. त्याच लेनमधून मिनिटाला एक बस गेली, प्रत्येकीत साठ जण, तर 3600 माणसं, आणि दोन बसच्या मधे अख्खा रस्ता मोकळा. तरी बसमधल्या साठांनी एकेकट्या बसलेल्यांच्या रांगेत मागे उभं राहायचं.

पुंगी

मग रस्ते रुंद करा की. एवढं साधं आहे.

स्टेपनी

साधं असतं तर झालं असतं. अँथनी डाऊन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1962 सालीच मांडलंय की रस्ता रुंद केला की जे लोक गर्दीला कंटाळून लवकर निघत होते, आडवाटेने जात होते किंवा बसने जात होते ते सगळे परत त्याच रस्त्यावर त्याच वेळेला येतात, आणि रस्ता पुन्हा भरतो. यातली खोच अशी की बसची माणसं कमी झाली की बसच्या फेऱ्या कमी होतात, मग उरलेलेही कार घेतात, आणि शेवटी रुंद रस्त्यावर सगळ्यांनाच आधीपेक्षा उशीर होऊ शकतो.

उलटा प्रयोगही झालाय. स्टॉकहोमने 2006 मधे सात महिने, शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून बघितलं. गाड्या साधारण पाचव्या हिश्शाने घटल्या. रस्ते अर्धे ओस पडले असं नाही, पाचातली एकच गेली, पण रांगा हटायला तेवढं पुरलं. आधी लोकांचा विरोध होता, प्रयोगानंतर मतदान घेतलं तर शहराने हो म्हटलं, 2007 पासून कायमचं झालं.

पुंगी

म्हणजे ज्याच्याकडे पैसे त्याने खुशाल जावं, बाकीच्यांनी लटकावं. वा.

खडूस काकू

पुंगीशी पहिल्यांदाच सहमत. तारीख लिहून ठेवा.

टिटवी

माझी सुटी रात्री साडेअकराला होते. इथे सगळे सकाळच्या नऊबद्दल बोलताय. त्या वेळी मेट्रोचं शेवटचं स्टेशन ते माझं घर हे नऊशे मीटर मला चालायचे असतात, मधे एक बंद पडलेला दवाखाना आणि तीन दिवे, त्यातला एक लुकलुकणारा. जाताना मी आनंदाने बसने जाते. येताना नाही. सात महिने असं केलं की जाताना बस आणि येताना टॅक्सी, मग हिशोब बघितला आणि सेकंडहँड स्कूटर घेतली. मला कुणी विचारलं की बस का सोडली तर बस कधीच वाईट नव्हती हो, ते नऊशे मीटर वाईट होते.

सातवी खिडकी

टिटवी, अगदी अगदी. माझ्या मार्गावर दिवे आहेत म्हणून मी पुस्तकाच्या गप्पा मारतेय.

मोडका कंपास

टिटवीताई, हे मी माझ्या वहीत कधीच लिहिलं नसतं. माझं येणंजाणं दोन्ही उजेडात असतं.

अर्धा तिकीट

मला एक कळत नाही. आमच्या स्टॉपवर लिहिलंय दर दहा मिनिटांनी बस. म्हणजे सरासरी पाच मिनिटं थांबावं लागायला हवं ना? मी रोज आठ-नऊ मिनिटं थांबतो आणि मग दोन बस एकदम येतात. माझी पत्रिका खराब आहे का?

स्टेपनी

पत्रिका ठीक आहे, गणित असंच आहे. समजा बस दर दहा मिनिटांनी न येता एकदा 2 मिनिटांनी आणि एकदा 18 मिनिटांनी येते. सरासरी दहाच! फलक खोटं बोलत नाहीये. पण तुम्ही स्टॉपवर कधीही येऊन उभे राहिलात तर त्या अठरा मिनिटांच्या फटीत सापडण्याची शक्यता नव्वद टक्के. थांबणं पडतं सरासरी 8.2 मिनिटं.

आणि दोन एकदम का येतात? पहिलीला कुठेतरी जरा उशीर झाला की पुढच्या स्टॉपवर जास्त माणसं साचलेली असतात. ती चढायला जास्त वेळ, म्हणून अजून उशीर, म्हणून त्यापुढे अजून माणसं. मागचीला तोवर कुणीच उरत नाही, ती भराभर येते आणि पहिलीला गाठते. म्हणून पुढची कोंबलेली असते आणि मागची रिकामी. दार धरून लटकायच्या आधी एकदा मान वळवून मागे बघत जा.

अर्धा तिकीट

दहा वर्षं मी पुढचीत घुसतोय.

हँडलवाला

आता काढू का पृथ्वीचं नाव? नको, तब्येतीचं काढतो. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर 2017 मधे एक अभ्यास आला, सायकलने कामाला जाणाऱ्यांमधे त्या काळात मृत्यूचा धोका 41 टक्के कमी दिसला, कार किंवा बसने जाणाऱ्यांच्या तुलनेत.

निवांत

जे सायकलने जातात ते आधीच तंदुरुस्त असतील म्हणून जात असतील ना?

हँडलवाला

शंका रास्त. वय, सिगरेट, आधीचे आजार वगैरे त्यांनी हिशोबात धरलं होतं, तरी असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही हे मान्य.

पण याच विषयातला सगळ्यात जुना किस्सा बसमधलाच आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, 1953 मधे छापलं. तोच पगारवर्ग, तीच बस, तोच धूर. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिना वरखाली. हृदयविकार ड्रायव्हरांमधे जास्त. तेव्हाही लोक हेच म्हणाले की जाडे लोक ड्रायव्हर होत असतील. मग मॉरिसनी काय केलं तर कंपनीकडचे गणवेशाचे रेकॉर्ड काढून पँटच्या कमरेची मापं बघितली. नोकरीला लागतानाच ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली! म्हणजे निवांत, तुमच्या शंकेत दम होता. पण मापं सारखी असलेल्यांतही फरक उरलाच.

भुंगा

माझी पँट मी कुणालाही दाखवणार नाही.

पुंगी

आणि धूर? सायकलवाला जोरात श्वास घेणार, सगळा धूर त्याच्याच फुप्फुसात. कारवाल्याची काच बंद.

हँडलवाला

काच बंद असली तरी पुढच्या गाडीचा धूर एसीच्या वाटेने आत येतोच, बाहेरची हवा घेणं बंद करा तेव्हा कमी होतो. पण हो, सायकलवर श्वास जास्त लागतो हे खरंच. केंब्रिजच्या मंडळींनी 2016 मधे हाच हिशोब मांडला होता. पीएम 2.5, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, त्यांचं प्रमाण घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम असेल अशा हवेतही दिवसाला दीड तासापर्यंत सायकलचा फायदा तोट्यापेक्षा जास्त. त्यापुढे तोटा. माझा उपाय साधा आहे, मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीने जातो. दोन मिनिटं जास्त लागतात. मात्र गल्लीत एक काळा कुत्रा आहे आणि त्याच्याबद्दल एकही अभ्यास उपलब्ध नाही.

टिटवी

कुत्र्यासाठी: पॅडल मारणं थांबवा, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत जा. पळणारा पाय दिसला नाही की त्याचा रस जातो. स्कूटरवर हे जमत नाही, अनुभव आहे.

खडूस काकू

कंपास, तुम्ही गप्प आहात. एकच वाहन निवडायचं असं कुणी सांगितलंय तुम्हाला? लग्न लावायचंय का त्याच्याशी? माझे सोमवार आणि गुरुवार आईचे असतात, कारशिवाय गत्यंतर नाही. बाकी तीन दिवस मीसुद्धा मेट्रोने जाते, इतका वेळ बोलले नाही कारण हँडलवाल्यांना आनंद झाला असता.

हँडलवाला

काकू!!!

स्टेपनी

काकूंच्या बाजूने एक गोष्ट. फेब्रुवारी 2014 मधे लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद. लोकांना नाइलाजाने दुसरे मार्ग शोधावे लागले. संप मिटल्यावर संशोधकांनी तिकीट कार्डांचा माग काढला तर साधारण वीसातला एक जण जुन्या मार्गाकडे परतलाच नाही, त्याला नवा मार्ग बरा वाटला. म्हणजे वर्षानुवर्षं रोज जाणारी माणसं, आणि त्यांनी जवळचा रस्ता कधी बघितलाच नव्हता. कंपासरावांनी निदान वही तरी केली.

मोडका कंपास (तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. काय झालं ते सांगतो.

सीट अडीच बोटं वर घेतली, गुडघा गप्प झाला. पहिले दोन दिवस पाय टेकत नाहीत म्हणून सिग्नलला जीव जायचा, मग सीटवरून पुढे उतरून उभं राहायला शिकलो. बॅग कॅरियरवर. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सायकल. सोमवारी सकाळी मीटिंग असते तेव्हा इस्त्रीचा शर्ट लागतो, म्हणून मेट्रो. बुधवारी मुलीचा क्लास आहे आणि तिचा तबला सायकलवर बसत नाही, म्हणून कार. वेळ सरासरीत वाढला असेल, मोजला नाही, वही बंद आहे. तीन आठवड्यांत एकदाही मान खाली घालावी लागली नाही.

फसगत सांगायची राहिली. परवा, मंगळवारी, संध्याकाळी धो धो पाऊस, सायकल ऑफिसात ठेवून मेट्रोने आलो. काल बुधवार, कार काढली. क्लासवरून निघताना बॅटरी उतरलेली, गाडी तिथेच सोडून आम्ही दोघं आणि तबला रिक्षाने घरी. आज गुरुवार. सायकल ऑफिसात, कार क्लासपाशी, आणि मी हे स्टॉपवर उभं राहून टाइप करतोय, सतरा मिनिटं झाली.

भुंगा

तिन्ही पर्याय संपले. चौथा: ऑफिस पुन्हा बारा मिनिटांवर आणा.

मोडका कंपास

थांबा, आली. दोन एकदम. पुढचीच्या दाराला लोक लटकलेत.

अर्धा तिकीट

कंपासराव मागची! मागची पकडा!

मोडका कंपास

खिडकीत बसलोय.